सात नंबरच्या दारावरची थाप

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. कुमासी शहरातल्या एका साध्या हॉटेलच्या सात नंबरच्या खोलीची. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या हॉटेलात सरहद्दीपलीकडच्या लोमेहून एक पत्र आले होते. ते मला लिहिलेले नव्हते. किल्लीला कोण पत्र लिहिणार? पण त्यात जे विचारले होते त्याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ज्याने ते द्यायचे त्याने दिले नाही. मला बोलता आले असते तर, असे मी इतक्या वेळा मनात म्हटले आहे की ते शब्दही आता माझ्या दातांसारखे झिजले असतील. ही हकीकत मला नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. तरी सांगते.

माझा जन्म शहराच्या सुआमे भागातल्या कारखान्यांत झाला. तिथे मोडक्या मोटारींचे ढीग असतात आणि दिवसभर हातोडे चालतात. त्याआधी मी कुठल्याशा लॉरीच्या रेडिएटरचे पितळ होते म्हणे. कारागिराने मला कापले, कानशीने दात काढले, कुलपात घालून पाहिले, बाहेर काढून पुन्हा कानस मारली. कुलूप उघडले तेव्हा तो शेजाऱ्याला म्हणाला, "ही पोर शहाणी निघाली. अडायची नाही." माझे एवढेच काय ते कौतुक झाले. मग मला ओदुमच्या लाकडाचा बिल्ला अडकवला. त्यावर तापल्या सळईने सात हा आकडा काढला होता.

आम्हा सगळ्या किल्ल्यांचा सांभाळ आम्पोंसा नावाचा कारकून करी. काउंटरमागच्या फळीवर आम्ही ओळीने टांगलेल्या असू. रोज सकाळी तो रॉकेलच्या फडक्याने आम्हाला पुसे. कोणी पत्राने खोली मागितली, की तो त्या खोलीच्या किल्लीला पांढरी चिंधी बांधे. चिंधी बांधलेली किल्ली म्हणजे बोललेली किल्ली. ती दुसऱ्याला द्यायची नाही. चिंधी बांधली की मला उगीचच मोठे झाल्यासारखे वाटे. कोणीतरी दुरून निघाले आहे आणि ते माझ्याकडे येते आहे, ही भावना किल्लीच्या आयुष्यात फार वेळा येत नाही.

त्या आठवड्यात चिंधी माझ्या गळ्यात होती. लोमेची आक्पेने नावाची बाई शुक्रवारी दुपारी येणार होती. 'आपल्यासाठी सात नंबरची खोली ठेवली आहे' असे आम्पोंसाने तिला सुवाच्य अक्षरात कळवले होते.

आमच्याकडे मृतदेह काही आठवडे राखून ठेवतात आणि मयताचा विधी शनिवारी करतात. त्यामुळे शुक्रवार आला की काळी-तांबडी कापडे नेसलेली माणसे गावोगावहून येतात आणि शहरात पाय ठेवायला जागा राहत नाही. त्या दुपारी बाकीच्या सगळ्या किल्ल्या गेल्या. मी एकटी फळीवर होते. तेवढ्यात ओपानिन द्वोमो काठी टेकत आले. ते मोठ्या घराण्यातले वडीलधारे होते, आणि अशांना आमच्याकडे नाना म्हणतात. खांद्यावर काळे कापड, आणि एक पाय ओढत चाललेला.

"नाना, खोली नाही हो. सगळं भरलंय," आम्पोंसा म्हणाला.

"भरलंय? मग ती काय शोभेला टांगलीय?" त्यांनी काठीने मला दाखवले.

"ती बोललेली आहे. लोमेच्या बाई यायच्यात."

"कधी यायच्यात?"

"आज दुपारी."

"दुपार तर चालली. सरहद्दीवर अडकली असेल तर सोमवारी उगवेल. अरे, उद्या माझ्या बहिणीला मातीत द्यायचंय. तिच्या घरात चटईलासुद्धा जागा नाही. आणि हा गुडघा बघ, हा माझ्याहून म्हातारा आहे. याला घेऊन व्हरांड्यात झोपू का?"

"तसं नाही, नाना."

"मग कसं? तुझ्या घरी कधी मयत व्हायचंच नाही का? तेव्हा आम्हीच येऊ ना रे रडायला?"

मयताच्या माणसाला दारातून परत पाठवायचे नाही, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असते. आम्पोंसाने मला खाली काढले आणि तो चिंधी सोडू लागला. गाठ लवकर सुटेना. सुटली नाही तर बरे, असे मला वाटले. पण सुटली.

नानांनी खोलीत बोचके ठेवले आणि ते बहिणीच्या घरी जायला निघाले. बाहेर पडताना किल्ली काउंटरवर ठेवायची, अशी आमच्या हॉटेलची पद्धत. म्हणून दिवे लागायच्या वेळी ती बाई आली, तेव्हा मी तिच्या समोरच पडले होते.

तिशीतली असेल. निळ्या फुलांचा झगा, डोक्यावर पेटी, आणि काखेत एक गाठोडे. ते तिने खाली ठेवलेच नाही.

"मी आक्पेने. लोमेहून. सात नंबर," ती पाठ केल्यासारखी म्हणाली.

"मॅडम, फार वाट पाहिली हो. खोली गेली."

"गेली म्हणजे? तुम्ही लिहिलंत, ठेवलीय म्हणून."

"लिहिलं होतं. पण मयताची माणसं आली. त्यांना आमच्यात नाही म्हणत नाहीत. तुमच्याकडे म्हणत असतील."

तिने काखेतले गाठोडे घट्ट धरले. मग म्हणाली, "मीपण मयतालाच आलेय. माझे वडील गेलेत."

आम्पोंसाने तिच्या झग्याकडे पाहिले. "अहो, मग आधी बोलायचं नाही का? पत्रात नुसतं नाव आणि तारीख. आणि अंगावर ही फुलं. मला कसं कळणार?"

"आई सांगायची, बापाला बघितल्याशिवाय काळं नेसू नये."

मग तिने तुटक तुटक सांगितले. तिचे वडील इथले. तरुणपणी लोमेच्या बंदरात कामाला होते, तेव्हा तिच्या आईशी त्यांनी संसार केला. पुढे ते परत आले आणि इथेही त्यांना मुले झाली. त्यांतल्या ओबेंग नावाच्या मुलाने एका लॉरीवाल्याकरवी तिला वडील गेल्याचे कळवले होते. बहीणभावांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. सकाळी शवपेटी बंद होण्याआधी तो तिला न्यायला येणार होता. गाठोड्यात हातमागाचे पांढरे कापड होते. ते तिला वडिलांच्या अंगावर स्वतःच्या हाताने घालायचे होते.

"त्याच लॉरीवाल्याकडून त्याला मी सात नंबर कळवलाय," ती म्हणाली. "त्याला माझा चेहरा माहीत नाही. मला त्याचं घर माहीत नाही. दुसरं काहीच नाही आमच्यात. हा सात नंबर आहे."

बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली. "हीच का ती?"

"हीच."

"म्हणजे इथेच तर आहे."

"आहे इथे, पण आत नानांचं सामान लागलंय. म्हाताऱ्या माणसाचं बोचकं बाहेर कसं काढू मी?"

तिने मला उचलून तळहातावर घेतले. हात घामेजलेला होता. जिच्यासाठी मला राखून ठेवले होते, तिच्या हातात मी तेवढाच वेळ होते. मग तिने मला होते तिथेच ठेवले.

आम्पोंसाने तिला लॉरी अड्ड्यामागच्या एका लॉजचा रस्ता सांगितला. "निजायला जागा मिळेल तिथे. तुमचा भाऊ आला की लगेच तिकडे धाडतो."

"नक्की?"

"मॅडम, मी इथून हलणार नाही."

मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते. नाना परतले तेव्हा मात्र काउंटरवर डोके ठेवून त्याला झोप लागली होती. नानांनी त्याला उठवले नाही. मला उचलले आणि खोलीत जाऊन आतून कुलपात लावले. त्यामुळे लोमेच्या बाईची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच नाही.

सकाळी नळाला पाणी नव्हते. हॉटेलभर मयताची माणसे, आणि सगळ्यांना आंघोळ करून वेळेवर निघायचे. खालून ओरडा सुरू झाला, तसा आम्पोंसा बादल्या घेऊन कोपऱ्यावरच्या नळावर धावला. तेवढ्या वेळात दारावर थाप पडली.

"वोएझो," बाहेरून आवाज आला. लोमेकडच्या भाषेत याचा अर्थ, या, स्वागत आहे. शब्द नुकताच शिकल्यासारखा अडखळत आला. "आक्पेने? मी ओबेंग. चल, सगळे थांबलेत."

नाना अर्धे कापड नेसून दाराशी आले. मला फिरवले. दार उघडले.

"कोण रे?"

"माफ करा, नाना. माझी बहीण इथे उतरलीय. लोमेची. सात नंबर."

"कालपासून इथे मीच आहे. मी लोमेची बहीण दिसतो का तुला?"

"खाली विचारायला कोणी नाही."

"मग आली नसेल, पोरा. सरहद्दीचा काय भरवसा?"

"तिच्यासाठी बापाची पेटी उघडी ठेवलीय आम्ही."

नानांचा आवाज मऊ झाला. "किती वेळ ठेवणार? ऊन चढतंय. जा, बापाला पोचव."

मी कुलपात होते. किल्लीला फक्त फिरता येते, तेही दुसऱ्याने फिरवले तर. ती लॉरी अड्ड्यामागे आहे, कालपासून कापड काखेत घेऊन बसली आहे, हे मी कशाने सांगू? पावले जिन्यावरून हळूहळू उतरली. मध्येच थांबली. मग निघून गेली.

नाना निघाले तेव्हाही काउंटरवर कोणी नव्हते, म्हणून ते मला कमरेला खोचूनच गेले; पुढचे मला फळीवर परतलेल्या इतर किल्ल्यांकडून कळले. ऊन चांगले वर आल्यावर आक्पेने आली. बापाला न बघताच तिने काळे नेसले होते.

"कोणी आलं होतं?"

"कोणी नाही, मॅडम," आम्पोंसाने सांगितले. त्याला तसेच माहीत होते.

ती बाकावर बसली. आम्पोंसाने आंबवलेल्या मक्याचे केंके आणि तळलेली मासळी आणून दिली. तिने हात लावला नाही. दफन उरकले असणार हे दोघांनाही कळत होते. दुपारच्या गाडीने ती गाठोड्यासकट परत गेली.

संध्याकाळी नानांनी मला काउंटरवर ठेवले आणि हसत म्हणाले, "अरे हो, सकाळी एक पोरगा लोमेची बाई शोधत आला होता. म्हटलं, इथे सुंदर असा मी एकटाच."

आम्पोंसाने मला उचलले. पण फळीवर टांगायला त्याला बराच वेळ लागला.

काही महिन्यांनी तिचे पत्र आले. ते त्याने उभ्या उभ्या, हळू आवाजात वाचले. 'खोलीबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढेच सांगा, त्या सकाळी माझा भाऊ खरोखरच आला नव्हता का? आला नसेल तरी सांगा. मग मी तिकडची वाट पाहणे सोडून देईन.'

त्याने कागद घेतला. 'आदरणीय मॅडम' इतके लिहिले आणि फाडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. नंतर पत्र खणात गेले. तो वाईट माणूस नव्हता. उशीर झाला म्हणून त्याला लाज वाटे, आणि लाजेपायी आणखी उशीर होई.

वर्षे गेली. सात नंबरचे छत गळू लागले, तेव्हा त्या खोलीत जुन्या गाद्या रचल्या. मला कोणी मागेना. रॉकेलचे फडकेही माझ्यापर्यंत क्वचित पोचे. अंगावर हिरवा थर चढला. पुढे छत दुरुस्त झाले आणि मी पुन्हा कामाला लागले. पण आता फिरताना अडत होते.

एके दिवशी पिकल्या केसांचा एक माणूस आत्याच्या मयतासाठी खोल्या ठरवायला आला.

"सात सोडून कुठल्याही द्या," तो म्हणाला.

"सातला काय झालं?" आम्पोंसाने विचारले. तोही आता म्हातारा झाला होता.

"ती खोली आम्हाला लाभत नाही. माझ्या बापाच्या वेळी लोमेची बहीण तिथे उतरणार होती. मी न्यायला आलो, तर आलीच नव्हती. तिची भाषा शिकून आलो होतो, एक शब्द का होईना. घरचे अजून मला चिडवतात."

मी आवाज ओळखला. आम्पोंसाने मला फळीवरून काढून हातात घेतले. कशासाठी, ते त्यालाही सांगता आले नसते.

"त्या आल्या होत्या," तो म्हणाला.

"कुठे आली होती?"

"इथेच. मी खोली दुसऱ्याला दिली. त्यांना लॉरी अड्ड्यामागे पाठवलं. तुम्ही आलात तेव्हा मी पाण्याला गेलो होतो."

ओबेंग बाकावर बसला. "लॉरी अड्ड्यामागे. मी तिथूनच गेलो घरी." मग तो म्हणाला, "मी सगळ्यांना सांगितलं, तिला बाप नकोच होता. घरात तिचं नाव घेणं बंद केलं आम्ही."

आम्पोंसाने खणातून पत्र काढून दिले. ओबेंगने ते दोनदा वाचले.

"तुम्ही मारा मला," आम्पोंसा म्हणाला.

"मारून काय होणार? कागद घ्या. मी आलो होतो हे मीच लिहिलं, तर ती का मानेल? तुम्ही लिहा. तिने तुम्हाला विचारलंय."

या वेळी कागद फाटला नाही. आम्पोंसाने लिहिले की तुमचे भाऊ आले होते. त्यांनी दारावर थाप मारली होती. तुमच्याच भाषेत हाक मारली होती. पेटी तुमच्यासाठी उघडी ठेवली होती. चूक माझी होती, तुमच्या दोघांची नव्हे. पत्राच्या खाली ओबेंगने घरापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढून दिला.

मित्रांनो, मी एक साधी किल्ली. तुम्हाला काही शिकवण्याइतकी माझी लायकी आहे असे मला वाटत नाही. पण तुम्ही कोणाला 'तुझ्यासाठी जागा ठेवली आहे' असे सांगाल, तर ती ठेवा. ठेवता आली नाही, तर निदान त्या दारापाशी थांबा. तिथे थाप मारायला कोणीतरी येणार असते. आणि कोणी विचारले तर त्याला सांगा, उशीर झाला असला तरी.

मला फळीवर टांगायचे आम्पोंसा त्या दिवशी विसरला. पत्र आणि मी, दोघे त्याच्या सदऱ्याच्या एकाच खिशात होतो. पाकिटाचा डिंक अजून ओला होता. तिचा पत्ता तोच असेल का, ती तरी असेल का, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. टपाल कचेरीपाशी ओबेंग म्हणाला, "मी टाकू का?" आम्पोंसाने मानेनेच नाही म्हटले. त्याने स्वतः खिशात हात घातला, मला बाजूला सारून पाकीट काढले आणि लाल पेटीच्या फटीत सरकवले. आत ते इतर पत्रांवर पडल्याचा हलका आवाज मी ऐकला.