शाम्पूवरची आई

मी फॉन्ट बनवतो, म्हणजे अक्षरं विकून खातो. कंपनीला सहज हातानं लिहिल्यासारखं अक्षर हवं होतं, म्हणून मी आजारी आईकडून पलंगावरच सगळी बाराखडी लिहून घेतली. तिचा हात थरथरत होता. साहेबांना ते मनमोकळं वाटलं.

आई गेली आणि फॉन्ट धावत सुटला. कुत्र्यांच्या बिस्किटांवर आई, 'लिफ्ट बंद आहे'च्या पाटीवर आई, शाम्पूवर तर 'आजच घेऊन जा' म्हणणारी आई. बाबांना पूर्ण टक्कल आहे, तरी ते दर आठवड्याला एक बाटली आणायचे.

"बाबा, लावणार कुठे?"

"ती सांगतेय तर घ्यायला नको? जन्मभर ऐकलं नाही म्हणून बोलणी खाल्ली."

मग साहेबांनी फर्मान काढलं की थरथर काढून टाक, गिऱ्हाइकांना अक्षर दमलेलं वाटतंय. नोकरी होती. मी एकेक वेलांटी गुळगुळीत केली. बाबांच्या लक्षात येऊ नये, एवढीच धाकधूक होती. त्यांच्याकडे आईचं तेवढंच उरलं होतं.

परवा त्यांच्यासोबत दुकानात गेलो. त्यांनी नवी बाटली चष्म्याजवळ धरली आणि बराच वेळ वाचली.

"हिचा हात थरथरायचा थांबला की रे," ते म्हणाले. "बरी झाली वाटतं."

मी हो म्हणालो.

त्यांनी बाटली हळूच फळीवर परत ठेवली आणि रिकाम्या हातानं दाराकडे निघाले.