पाहुण्यांसमोरचं व्होल्टेज

अणुशास्त्रज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय कुठल्याही सरकारने आपलं ऊर्जाधोरण ठरवू नये, हे तत्त्व आता सर्व प्रगत देशांनी मान्य केलेलं आहे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावाने ते अठ्ठ्याऐंशी साली मान्य केलं. त्यासाठी बोलावलेल्या सभेत लाईट गेलेले होते, त्यामुळे हात किती वर झाले ते मात्र मोजता आलं नाही.

शास्त्रज्ञ आमच्याच गावचे होते. कृष्णनाथ परब. मुंबईला तुर्भ्याच्या अणुभट्टीत एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि घरी परतले. एकतीस वर्षं त्यांनी मुख्यतः काटे पाहिले. काटा हलला की का हलला ते लिहायचं आणि नाही हलला तर का नाही हलला तेही लिहायचं. सवय अशी जडली की गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोप्यावरच्या भिंतीला स्वतःचा व्होल्टमीटर टांगला. दोनशे तीस व्होल्ट पाहिजेत तिथे काटा दीडशेवर लोळत होता.

शेजारी सोनाबाई राहायची, त्यांच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. तिची भाताची गिरण होती. मोटरला पुरेशी वीज मिळत नसे, मग ती तापायची आणि आतली तार जळायची. असं दोनदा झालं होतं.

"भावजी, आता तिसऱ्यांदा जळली की गिरण मोडतंय आणि डिचोलीक चेडवाकडे जातंय," ती म्हणायची. "जावयाच्या घरात कोपऱ्यात बसान ऱ्हवान."

जावई चांगला होता. पण कोपरा तो कोपराच. सोनाबाईला तो नको होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

इकडे गोवा राज्य होऊन वर्ष झालं होतं. विधानसभा स्वतःची होती, राजभाषा स्वतःची होती, राजभाषेवरून होणारी भांडणंही स्वतःचीच होती. वीज तेवढी शेजारच्या राज्यांकडून यायची. ही गोष्ट वीजमंत्र्यांच्या मनाला लागली आणि त्यांनी ऊर्जा सल्लागार समिती नेमली. खाणवाले, बार्जवाले, हॉटेलवाले मिळून दहा सभासद आणि अकरावे कृष्णनाथबाब. पणजीतल्या पहिल्या दोन बैठका इतिवृत्त मराठीत लिहायचं की कोंकणीत यावर झाल्या. तिसऱ्या बैठकीत ते इंग्रजीत लिहायचं एकमताने ठरलं, कारण इंग्रजीवर कोणाचंच प्रेम नव्हतं.

मग मंत्री मुद्द्यावर आले. "परबबाब, राज्य झालं, आता आपलं एक अणुवीज केंद्र पाहिजे. पेडण्याला किनारा आहे, पाणी आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

कृष्णनाथबाब नाही म्हणाले. मिठाईवाल्याने गिऱ्हाइकाला साखर सोडायला सांगावी तसे सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"देशातली सगळ्यात लहान भट्टी आणली तरी तिची वीज आपल्याच्याने संपायची नाही," ते म्हणाले. "आणि शेतावरच्या पंपासारखी ती वाटेल तेव्हा चालू, वाटेल तेव्हा बंद करता येत नाही. आज बाहेरून येते ती वीज थोडी नाही. पेडण्याला पोचेपर्यंत ती दमते. तारा जुन्या, ट्रान्सफॉर्मर लहान. एक सबस्टेशन बांधा, तालुका उजळेल."

"सबस्टेशन बघायला पर्यटक येतले?" एक हॉटेलवाले म्हणाले.

कृष्णनाथबाबांनी वही पुढे केली. चार महिने, रोज संध्याकाळी सात वाजता घेतलेले आकडे. एकशे पंचावन्न. एकशे बावन्न. एकशे साठ. मंत्र्यांनी मटक्याचे आकडे चाळावेत तशी वही चाळली.

"कागदावर काय, कोणीही लिहील," सचिव शिवदास केंकरे म्हणाले. माणूस वाईट नव्हता. एवढंच की कागदावर तो स्वतःही लिहीत असे.

"मग काटा बघायला या," कृष्णनाथबाब म्हणाले.

"येतो," मंत्री म्हणाले. "चवथीआधी येतो."

आणि ते खरंच आले, हे नमूद करायला हवं.

त्या दिवशी गावाने झाडलोट केली, सारवण केलं. सोप्यावर चांगल्यातल्या कदेली, म्हणजे खुर्च्या, मांडल्या. सरपंच शंभूने व्होल्टमीटरला झेंडूचा हार घातला. काटा झाकला गेला म्हणून कृष्णनाथबाबांनी हार काढून शंभूच्याच गळ्यात घातला. मंत्र्यांसमोर काय बोलायचं ते घोकण्यात त्यांचा दिवस गेला, आणि शंभू दुपारभर घरोघरी कशाला फिरतोय हे विचारायचं राहून गेलं.

बरोबर सात वाजता मंत्री, सचिव आणि वीज खात्याचे दोन इंजिनिअर भिंतीपुढे उभे राहिले. कृष्णनाथबाबांनी बटण दाबलं. सोप्यावरचा दिवा पौर्णिमेच्या चंद्रासारखा लागला. काटा दोनशे अठ्ठावीसवर जाऊन थांबला.

"वा!" मंत्री म्हणाले. "माझ्या बंगल्यावरसुद्धा एवढं नसतं."

कृष्णनाथबाबांनी मीटरवर टिचकी मारली. काटा हलला नाही. का हलला नाही ते पाहायला त्यांनी अंगणाबाहेर नजर टाकली. अख्खा गाव काळोखात होता. प्रत्येक दारात एक समई आणि समईमागे हात जोडलेली माणसं.

"शंभू, हे काय?"

"मिया सांगलंय सगळ्यांका बंद करूक," शंभू अभिमानाने म्हणाला. "पंप, टीव्ही, दिवे, सगळा. पावण्यांच्या म्होऱ्यान दिवो मिणमिणतो बरो दिसता?"

"अरे मेल्या, तो मिणमिणतो हेच तर दाखवायचं होतं!"

"शी! गावची लाज अशी कोण दाखयता?"

कृष्णनाथबाब हात जोडून अंगणात गेले. दिवे लावा म्हणाले. कोणी लावेना. साहेब गेल्यावर लावतो, तुम्ही काळजी करू नका, असं प्रत्येक दारातून उत्तर आलं. मंत्री घड्याळ बघू लागले. केंकऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

तेव्हा कृष्णनाथबाब शेजारच्या दाराशी गेले. "वयनी, गिरण चालू करा."

सोनाबाई हलली नाही. "भावजी, शंभून सांगलला, गिरणीचो आवाज इलो की साहेब गेले समजायचा. मिया बटण दाबलंय तर आख्खो गाव एकदम लावतलो. माझी मोटर टिकात?"

टिकणार नव्हती. हे गावात कृष्णनाथबाबांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही टिकायची," ते म्हणाले. "पण नंतरचं मी बघतो. डिचोलीला जायचं नाही तुम्ही."

सोनाबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि बटण दाबलं.

गिरण घरघरली. दोन मिनिटांत सगळ्या वाड्यांवर दिवे, पंप, मिक्सर आणि पंचायतीचा टीव्ही एकाच दमात सुरू झाले. काटा दोनशे अठ्ठावीसवरून जो घसरला तो एकशे चाळीसवर येऊन पडला. सोप्यावरच्या दिव्याचं निखाऱ्यात रूपांतर झालं. गिरण कण्हली, थांबली आणि जळक्या तारेचा वास अंगणभर झाला.

मंत्र्यांनी नाकाला रुमाल लावला. "परबबाब," ते रुमालाआडून म्हणाले, "पटलं. अगदी पटलं." केंकऱ्यांनी टोपण काढून तीन ओळी लिहिल्या. इतक्या स्वच्छ पुराव्याने सरकारचं मत बनताना कृष्णनाथबाबांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या रात्री ते शांत झोपले.

दिवाळीनंतर धोरण जाहीर झालं. अणुवीज केंद्राचा विषय पुढच्या बैठकीवर ठेवला होता. सबस्टेशनचा उल्लेख नव्हता. परिच्छेद सातमध्ये म्हटलं होतं की प्रत्यक्ष पाहणीत, ग्राहकांनी उपकरणं बंद ठेवल्यास व्होल्टेज पूर्णपणे समाधानकारक राहतं असं आढळून आलं आहे. सबब प्रत्येक गावाने आठवड्यातून एक दिवस वीज बंद ठेवावी. परिच्छेदाच्या शेवटी कृष्णनाथबाबांचे नावानिशी आभार होते.

त्यांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. "चुकीचं एकही वाक्य नाही," ते म्हणाले.

आमच्या गावाच्या वाट्याला बुधवार आला.

पुढच्या आठवड्यात म्हापशाहून टेम्पो आला. त्यातून उतरलेलं डिझेल इंजिन कृष्णनाथबाबांनी स्वतः गिरणीत बसवलं, चष्मा कपाळावर चढवून एकेक बोल्ट आवळला. शंभू दारात उभा राहून म्हणाला, "एकतीस वर्सां अणू फोडले आणि शेवटाक डिझेल?"

"पाना दे तो," कृष्णनाथबाब म्हणाले.

सोनाबाई डिचोलीला गेली नाही. इंजिन दहा हॉर्सपॉवरचं आहे. बुधवारीसुद्धा चालतं.