एक हजार नऊ

उरुग्वेच्या त्या तुरुंगात जनरल येणार होता, म्हणून मेजर लार्रान्यागाला मैदानात कैद्यांच्या सारख्या रांगा हव्या होत्या. सकाळपासून एक हजार नऊ माणसं उन्हात उभी होती. कशीही लावा, शेवटची रांग लंगडीच! खोकणारा म्हातारा बितेनकूर दोनदा खाली बसला, दोन्ही वेळा त्यानं लाथ खाल्ली.

शेवटी गणिताचा मास्तर अन्सेल्मो बोललाच, "साहेब, हे जमायचं नाही. एकतीसपर्यंतच्या सगळ्या आकड्यांनी भागून पाहिलं, पुढे बघायची गरजच नाही. ही मूळ संख्या आहे."

"माझ्या हुकमापुढे कसली आलीय मूळ संख्या?"

"म्हाताऱ्याला आत न्या. उरलेल्यांच्या छत्तीस-छत्तीसच्या अठ्ठावीस रांगा होतात."

"मग तूच जा की आत, दीडशहाण्या! अंधारकोठडी रिकामीच आहे."

रांगा चोख लागल्या. जनरलला इतक्या आवडल्या, की रोजची हजेरी तशीच घ्यायची ठरलं.

"मला कधी सोडणार?" अन्सेल्मोनं दाराच्या फटीतून विचारलं.

"एखादा मेला की," शिपाई नळीनं माटेचा कडू चहा ओढत म्हणाला. "हिशेब तुझाच ना, मास्तर?"

भिंतीपलीकडे बितेनकूर खोकायचा. खोकला थांबला की अन्सेल्मोचा जीव हरखायचा, आणि मग तो स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचा.