संपदा कोण?

शनिवारी दुपारी क्षितिजने व्हिसा ऑफिसमधल्या ऑफिसरबाईंची मेल तिसऱ्यांदा वाचली आणि पुण्याला आईला फोन लावला.

"आई, वल्लरीच्या व्हिसाचं अडलंय. ते विचारतायत, संपदा कोण?"

"कोण म्हणजे? तुझी बायको," सुलभाताई म्हणाल्या. "तूच तर ताटात नाव लिहिलंस."

लिहिलं होतं खरं. लग्नात, तांदळाच्या ताटात, अंगठीच्या टोकाने. नाव आईने निवडलेलं. तांदळातलं नाव घरात रुजलं, पण पासपोर्टवर आणि लग्नाच्या दाखल्यावर वल्लरी वल्लरीच राहिली. लग्नानंतर एकोणीस दिवस दोघं एकत्र होती, मग क्षितिज परदेशी, पामर्स्टन नॉर्थला नोकरीवर परतला. त्याला आता सात महिने झाले. एवढ्याशा दिवसांचा संसार कागदावर खरा ठरवायचा, म्हणून त्याने नातेवाइकांकडून पत्रं मागवली. मावशीने लिहिलं, संपदा लाघवी आहे. शेजारच्या काकांनी लिहिलं, क्षितिज-संपदाचा जोडा शोभतो. आईने तर दोन पानं भरली. क्षितिजने सगळी पत्रं जशीच्या तशी अर्जाला जोडली. वल्लरीचं नाव एकाही पत्रात नव्हतं.

"म्हणजे त्यांना वाटतंय तू दोन बायका केल्यास?"

"तसं म्हटलं नाही गं. पण दहा दिवसांत खुलासा गेला नाही, तर अर्ज नाकारतील."

मागून वल्लरीचा आवाज आला, "त्याला म्हणावं, दोघींपैकी जी येईल ती ठेवून घे."

"हसू नकोस गं," म्हणता म्हणता सुलभाताईंचा आवाज खाली आला. "माझ्यामुळेच झालं रे. मीच लिहिते त्यांना. मराठीत चालेल?"

"चालेल. पण भाषांतर बाहेरच्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागेल."

तीन दिवसांनी पत्राचा फोटो आला. क्षितिज तो घेऊन युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या अनुराधाताईंकडे गेला. जेवणाच्या टेबलापाशी बसून त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"आमच्याकडे सून घरात आली की तिला नवं नाव देतात. संपदा आणि वल्लरी ही एकच मुलगी. नाव मी दिलं, तिला विचारलं नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. माझं माहेरचं नाव नीलांबरी. आई-वडील होते तोवर त्या नावाने हाक यायची, ते गेले आणि हाकही गेली. माझ्या मुलाला हे नाव ठाऊक नसेल. सोबत माझा शाळेचा दाखला जोडते, म्हणजे ही रीत जुनी आहे हे तुम्हाला पटेल.

"एकोणीस दिवसांत ही दोघं किती बोलली, मला माहीत नाही. पण आमच्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे त्याची जेवणाची सुट्टी होते. रोज सहाला ती चहा ठेवते आणि फोन घेऊन खिडकीशी जाते. चहा उतू जातो. मी गॅस बंद करते, काही बोलत नाही. हा पुरावा चालतो का, ते तुम्ही ठरवा."

अनुराधाताईंनी चष्मा काढून पुसला.

"आईचं हे नाव तुला ठाऊक होतं?"

क्षितिजने मान हलवली. नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत देते," त्या म्हणाल्या. "घाईत करण्यासारखं नाही हे."

पाचव्या आठवड्यात उत्तर आलं. क्षितिजने कामावरूनच घरी फोन केला.

"आई, झालं. व्हिसा आला."



"त्या ऑफिसरबाईंना माझे आभार कळव," सुलभाताई म्हणाल्या.

"कळवतो. व्हिसा दिल्याबद्दल."

"त्याबद्दल तर आहेतच रे. पण त्यांनी नाव विचारलं, त्याबद्दलही. विचारलं म्हणून मी लिहिलं. नाहीतर कुणाला सांगायला गेले असते?"

मग आईने फोन हातात धरूनच आतल्या खोलीकडे हाक मारली, "वल्लरी, अगं ये बाहेर. तुझं बोलावणं आलंय."