डिंप्नाचा करपलेला विग

संत ब्रिजिडच्या विहिरीची शपथ, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दातही मला सोडून जावोत.

मेयो परगण्यातल्या डिंप्नाचे केस औषधांपायी गेले, तेव्हा तिनं तांबूस विग घेतला. नकली धाग्याचा, पण दिसायला झकास. दुकानातल्या बाईनं बजावलं होतं की ह्याला धग लागू देऊ नकोस. पण ओव्हनमध्ये सोडा-ब्रेड असताना डिंप्नाला कुठला दम? दार उघडून वाकली, तर अशी वाफ अंगावर आली की मांजराच्या मिशासुद्धा कुरळ्या झाल्या. विगच्या पुढच्या बटांचा पार केरसुणीचा बुडखा झाला. डिंप्ना पोट धरून हसली. मग धाकट्या बहिणीला, अट्रॅक्टाला, हळूच म्हणाली, "मी गेले की शवपेटी उघडी ठेवतील, अख्खं गाव बघून जाईल. शेजारच्या त्या फिलोमिनाला बोलायला जागा ठेवू नकोस गं."

आणि थोड्याच दिवसांत गेली.

पुढच्या खोलीचं दार लावून घेतलेलं. आत पेटीत डिंप्ना, डोक्याला रुमाल. संध्याकाळपासून लोक अंत्यदर्शनाला यायचे होते. अट्रॅक्टानं आदल्या दिवशीच विग गार पाण्यात थेंबभर शाम्पू घालून बुडवला होता, न चोळता टॉवेलात दाबून बरणीवर वाळत ठेवला होता. आता हवी होती वाफ. पण मयताच्या घरात किटलीला उसंत नसते, आणि सकाळीच हॅम घेऊन आलेली फिलोमिना त्या किटलीपाशी ठाण मांडून बसलेली.

"किटली कुठं नेतेस?"

"वर. पाय शेकायचेत."

"बहीण पेटीत, आणि हिला पाय शेकायचे सुचतायत."

स्वयंपाकघरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अट्रॅक्टा किटली उचलून जिना चढली.

वर प्लगला लावून किटली उकळली. तिनं विग वाफेपासून हातभर लांब धरला, कारण जवळ नेला तर धागा वितळतो. रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून सोडवत वर गेली. हळूहळू बटा सुटल्या. त्या तिनं रोलरवर गुंडाळल्या आणि पुरत्या गार होऊ दिल्या. पुढचा झुबका मात्र जळालेला तो जळालेलाच. नकली केस पुन्हा वाढत नाहीत. तिनं जपून कात्री लावली, आणि खाली येऊन रुमाल सोडून विग डिंप्नाला बसवला.

लहानपणी रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना दोघी एकमेकींच्या वेण्या घालायच्या. आजारपणात मात्र डिंप्नानं डोक्याला हात लावू दिला नव्हता. माझं मी बघते, म्हणायची. आज हवं तितकं विंचरता येत होतं, आणि "हळू गं, दुखतंय" म्हणायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी दार उघडलं. फिलोमिना पेटीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "डिंप्ना, केस कुणी बसवले गं तुझे? किती छान दिसतायत." तेव्हा कुठं अट्रॅक्टाला रडू फुटलं.

आता विहिरीची शपथ घेतलीय, तर सांगून टाकते. हे शेवटचं मी रचलं. फिलोमिनानं क्रुसाची खूण केली, डिंप्नाच्या हाताला हात लावला आणि सँडविच कापायला निघून गेली. केसांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. डिंप्नाला तेच तर हवं होतं. अट्रॅक्टा मात्र पेटीशेजारच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती, कुणीतरी विचारेल म्हणून.