रॅपिंग करतोय, आबा

म्हस्कू आबांच्या थोरल्या मुलीचं, सविताचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९९४ ला, मी वडगाव रासाईत आलो. मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. तेव्हा मात्र नवा होतो. दोन कॅसेटी एका वेळी पोटात घ्यायचो. एकीवरचं दुसरीवर कसं उतरतं, ते मला स्वतःलाही कधी कळलं नाही.

हळदीत मी इतका वाजलो की माझा घसा बसला. नंतर मला फडताळात ठेवलं आणि माझ्यावर विणलेला रुमाल टाकला. आबांची आई, बाप, चुलते मेंढरांमागे फिरलेली माणसं. आबांनी भीमेकाठी शेती धरली, पण ओवी सोडली नाही. बिरोबाच्या देवळात ते एक ओळ म्हणायचे आणि मागची माणसं शेवटचा शब्द उचलायची. त्याला झील धरणं म्हणतात. तेवढ्यात आबा दम घ्यायचे.

१९९९ साली त्यांचा मुलगा संपत सणसवाडीला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला. जाताना त्यानं मला काखेत मारलं. कंपनीत तो मालाच्या खोक्यांवर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा. त्या कामाला तिथं रॅपिंग म्हणत. आबांनी हा शब्द पाठ केला आणि अख्ख्या गावाला सांगितला, ''आमचा संपत रॅपिंगला हाय.''

खोलीत संपतबरोबर बिहारचा एक कामगार राहायचा. त्यानं एकदा माझ्यात एक कॅसेट घातली. तिच्यातला माणूस भराभर बोलत होता. चाल नाही, पेटी नाही. मला वाटलं, कुणाचं तरी भांडण चुकून भरलं गेलंय.

''ये गाना नहीं है भाई, रॅप है,'' तो म्हणाला.

मी गोंधळलो. दिवसभर कंपनीत रॅपिंग, मग खोलीवरही तेच?

पण संपतला काहीतरी झालं. सुट्टीच्या दुपारी तो रिकाम्या खोक्यावर बोटं वाजवू लागला, माझं लाल बटण दाबून बोलू लागला.

''ठेकेदार म्हणं उद्या ये, उद्या म्हंजी कवा?
गेटावरचा वॉचमन म्हणं, बोलावतील तवा!''

मित्रांनो, हे भांडण होतं की गाणं, मला ठरवता येईना. मी आपला भरून घेत गेलो. एका कप्प्यातली कॅसेट दुसऱ्यात उतरवून संपत वाटू लागला. कुठल्या कंपनीचा शिक्का नाही; वर पेनानं 'संपत, वडगाव' एवढंच. नगर रोडच्या सिक्स-सीटर रिक्षावाल्यांनी त्या वाजवल्या. कामगार एकमेकांना म्हणायचे, ''ऐक, आपल्याच गेटाचं सांगतंय बेनं!'' माझं नाव कुणी घेत नव्हतं, तरी मी खुशीत होतो.

२००१ मध्ये ठेका संपला आणि संपतचं काम गेलं. पोटासाठी तो सिक्स-सीटर चालवू लागला. जीव मात्र कॅसेटीत होता. मला रुमालात गुंडाळून तो गावी गेला की आबा विचारायचे, ''रॅपिंग चाललंय का?''

''व्हय आबा, जोरात.''

हे खरं की खोटं? मी रुमालाखाली पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलं नाही.

२००३ च्या दिवाळीत राहू गावाहून हौशीराम मामा आपल्या भाचीचं स्थळ घेऊन घर बघायला आले. चहा झाला. आबांनी सांगितलं, ''पोरगा रॅपिंगला हाय.''

हौशीराम मामांनी कप खाली ठेवला. ''पाव्हणं, मी गेटावर इचारून आलोय. दोन वरसं झाली, म्हणं, ह्यो संपत तिथं न्हाई.''

आबा संपतकडे वळले. ''मला काय सांगत हुतास?''

''रॅपिंग करतोय म्हणलं, आबा. करतोयच की.''

''कंपनीच न्हाई, तर काय गुंडाळतूस?''

''आपल्यालाच गुंडाळलं म्हणायचं!'' हौशीराम मामा हसून उठले आणि टोपी घालून निघून गेले. स्थळ मोडलं. संपतची आई झुंबरबाई कप उचलायचं विसरली.

''खोटं बोलायचं व्हतं तर धड बोलायचं,'' आबा म्हणाले. ''मी गावभर तुझं नाव सांगत फिरलो.''

 संपतनं मला आबांसमोर ठेवलं आणि बटण दाबलं.  मी बिघडलो असतो तर बरं, असंही वाटलं आणि नकोही वाटलं. आबांनी कॅसेटची अख्खी बाजू ऐकली. मग विचारलं,

''दम कुठं घेतूस?''

''घेतच न्हाई.''

''मागं झील धरायला कोण न्हाई?''

''एकटाच हाय, आबा.''

''मेंढरं काय पळून चाललीत व्हय, येवढ्या घाईनं म्हणायला? लाव ते लाल बटण.''

संपत ओळ म्हणाला. आबांनी शेवटचा शब्द उचलला, ''कवाऽऽ,'' आणि तो इतका लांबवला की संपतला दम घ्यायला वेळ सापडला. त्या दुपारी एक अख्खी कॅसेट भरली. सिक्स-सीटरवाले विचारू लागले, ''ह्यो म्हातारा कोण रं?''

आबांना ते आवडलं होतं का? चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. पण संपत गावी आला की ते मला रुमालातून काढून ठेवायचे. राग गेला नव्हता, की गेला होता, मला सांगता येणार नाही.

पुढं माझा रबरी पट्टा सैल पडला, आवाज जाड झाला. मला माळ्यावर टाकलं. सेल आतच राहिले आणि फुटून त्यांनी माझ्या पितळी पट्ट्या खाल्ल्या. मित्रांनो, जुना टेप ठेवून द्याल तेव्हा सेल काढून ठेवा. आणि घरातला माणूस काय करतो ते गेटावर नका विचारू. त्याच्यासमोर बसून विचारा. मलाही हे उशिरा उमगलं, तेही अर्धवटच.

म्हस्कू आबा बुधवारी, १९ एप्रिल २००६ रोजी, वडगाव रासाईला राहत्या घरी वारले.