सारजाच्या गिरणीची पुक-पुक

निमगाव केतकीच्या शिवेवर सारजाची पिठाची गिरणी होती, आणि गिरणी लहान असली तरी आवाज दांडगा. विजेचा भरवसा नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं, जोतीरामानं, डिझेलचं इंजिन बसवलं होतं आणि धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचं झाकण लावलं होतं. इंजिनाच्या ठोक्यागणिक झाकण उडायचं आणि पुक-पुक आवाज पार लांबच्या वस्त्यांपर्यंत जायचा. तो कानावर पडला की बायका दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निघायच्या. जोतीराम गेला त्या दिवशी गिरणी मधेच थांबली, आणि तेवढ्यावरून गावानं काय ते ओळखलं. त्यानंतर कामाच्या दिवशी सारजानं ती कधी बंद ठेवली नाही. पोटी मूल नव्हतं, जवळचं माणूस नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं गिरणीच.

शहाण्णव साली बारामतीच्या मोहनरावांनी शेजारचं रान घेऊन बंगल्यांचे प्लॉट पाडायचं काढलं. परवानगीचा अर्ज गेला. वरून विचारणा झाली, की शेजारी गिरणी आहे, तिचा आवाज तिथं राहणाऱ्यांना सोसेल का, ते मोजून कळवा.

मोहनराव स्वतः सांगायला आले. "वैनी, आवाज जास्त निघाला तर गिरणी हितनं उठवायला लागंल. माझा बी नाविलाज हाय."

"आधी गिरणी आली का आधी बंगलं?" सारजानं विचारलं.

"गिरणीच की. पर कागदाला आधी-मागं कळत न्हाय."

ही एवढी जागा सोडली तर तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. गिरणी उठली की तीही उठली. पण रडत बसणारी बाई नव्हती ती. आवाजच नको ना, मग आवाजच नाही करायचा, असं तिनं मनाशी ठरवलं.

मोजणीच्या दिवशी सकाळीच तिनं शिडी लावली, पदर खोचला आणि धुराड्यावरचं झाकण काढून पोत्यांमागं दडवलं. इंजिन चालू केलं. नुसती बारीक धडधड. शंभर पावलांवर गेलं तर तीही विरून जायची. आता मोजा म्हणावं काय मोजायचं ते, असं म्हणत ती खुशीत गिरणीत धान्य ओतू लागली.

पुण्याहून आलेल्या नागेश नावाच्या इंजिनिअरनं बांधावर तिकाटणं उभं करून त्यावर आवाज मोजायचं यंत्र बसवलं. बराच वेळ काट्याकडं बघून तो मोहनरावांना म्हणाला, "काही विशेष नाही हो. हा आवाज चालण्यासारखा आहे."

एवढ्यात रस्त्यावरून हंबरडा आला.

पुढं शकुबाई होती. ही शकुबाई म्हणजे सारजाची जुनी वैरीण. पीठ कमी भरलं म्हणून तिनं एकदा भर गिरणीत सारजाला चोर म्हटलं होतं, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. शकुबाई हट्टानं दुसऱ्या गावाला दळायला जायची. तीच आता ऊर बडवत येत होती. "सारजे, कशी गं गेलीस न सांगता! मी तुला चोर म्हणलं गं, माझ्या जिभंला हाड न्हाय गं! तुझ्यासारखं मऊसूत दळणार कोण गं आता!" तिच्यामागं निम्मं गाव, एक ट्रॅक्टर, त्याच्यावर भुंकणारी कुत्री. म्हातारा सोनबा तर तिरडीला बांबू घेऊनच आला होता.

यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन थरथरू लागला.

सारजा दारात आली. अंगभर पीठ, केस पांढरे, भुवया पांढऱ्या. तिला बघून शकुबाई दोन पावलं मागं सरली.

"मेले न्हाय मी," सारजा म्हणाली. "दळतीया."

"मग पुक-पुक का न्हाय?" सोनबानं बांबू टेकवत विचारलं. "आमी सकाळधरनं कान लावून बसलोय. जोतीराम गेला तवाबी अशीच गप झाली हुती."

नागेशनं सारजाकडं बघितलं. "मावशी, कसली पुक-पुक?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. सगळं मुसळ केरात गेलं असं समजून सारजानं पोत्यांमागचं झाकण आणून त्याच्यापुढं ठेवलं. मोहनराव लबाडी-लबाडी म्हणू लागले, पण नागेशला हसू आवरत नव्हतं. त्यानं गर्दीला गप्प बसवलं, झाकण लावून आवाज मोजला आणि काढून पुन्हा मोजला.

"झाकण असलं तर जास्त होतो. नसलं तर बसतो नियमात," तो म्हणाला. "मी दोन्ही लिहीन. गिरणी उठवायचं कारण दिसत नाही. सकाळी गिरणी उघडताना झाकण घटकाभर वाजवा, मग काढा. आणि मोहनराव, तुम्ही या बाजूनं भिंत घाला, झाडं लावा."

मोहनराव कुरकुरले. तेव्हा सोनबा म्हणाला, "राव, तुमच्या बंगल्यातल्या बायका दळायला काय बारामतीला जाणार हायती व्हय?" सगळे हसले, आणि मग मोहनरावही हसले.

लोक पांगले. सारजा आत येऊन पोत्यावर बसली. आपल्याला कोणी नाही असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, आणि इकडं सगळं गाव रोज तिच्यावर कान ठेवून होतं. पदरानं डोळे पुसले तर पिठाचा चिखल झाला. गिरणी राहिली याचा आनंद होताच, पण त्याहून मोठं काहीतरी आज हाती लागलं होतं, आणि तिला ते छातीत मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुक-पुक सुरू झाली आणि सगळ्यांच्या आधी शकुबाई येऊन उभी राहिली. डोक्यावर ज्वारीचा डबा, तोंड फुगलेलं.

"काल रडलीस ती खरं का गं?" सारजानं विचारलं.

"मेलीस असं वाटलं म्हणून रडले. जित्तीला कोण रडतंय?" शकुबाईनं डबा तिच्यापुढं आदळला. "दळ. आणि वजन करून दे."

सारजानं डबा उचलून काट्यावर ठेवला. शकुबाई काट्याकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत राहिली.